लॉनचा पंचनामा

पुण्यात लॉन आपोआप मरत नाही. ते कुणीतरी मारलेलं असतं.

दुसऱ्या गावात गवत वाळलं तर माणसं "वाळलं" म्हणतात आणि चहाला जातात. पुण्यात पहिला प्रश्न "कशामुळे" असा नसतो, "कुणामुळे" असा असतो. ऊन, माती, बुरशी असली बेनामी उत्तरं इथे चालत नाहीत. उत्तराला फ्लॅट नंबर लागतो, शक्यतो समोरच्या विंगेतला.

आमची सोसायटी बाणेरच्या बाजूला. लॉन दोन इमारतींच्या मधोमध. ब्रोशरमध्ये त्याच्यावर एक बाई योगासनं करत होती आणि मागे हरीण असावं असं वाटण्याइतकी झाडी होती. ताबा मिळाला तेव्हा बाई नव्हती, झाडी नव्हती आणि लॉन बॅडमिंटनच्या दोन कोर्टांत बसेल एवढं होतं. पण होतं मात्र हिरवंगार. त्याच्याभोवती यथावकाश पाट्याही उगवल्या. "लॉनवर चालू नये." "लॉनवर खेळू नये." "लॉनवर बसून फोनवर बोलू नये." आणि शेवटी, कुणाची तरी सहनशक्ती संपल्यावर लावलेली, "लॉन पाहण्यासाठी आहे." सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे, आणि तिथे हिरवळीवर पाऊल पडलं की रखवालदाराची शिट्टी वाजते. आमच्याकडे शिट्टीची गरज पडत नाही. प्रत्येक गॅलरीत एक निवृत्त गृहस्थ आहे.

तर एप्रिलमधल्या एका सकाळी या लॉनचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आला. मध्ये पिवळा डाग, डागाभोवती लाल गोल, खाली दोन शब्द : "नोंद घ्यावी." कुणी घ्यावी ते लिहिलं नव्हतं. "तरी मी म्हणत होतो" असं लगेच चौघांनी लिहिलं. चौघे चार निरनिराळ्या गोष्टी म्हणत होते.

संशय रीतसर कुत्र्यावर गेला. तळमजल्यावर ब्रूनो नावाचा वयस्कर लॅब्रॅडोर राहतो. त्याच्या मालकीणबाई निवृत्त प्राध्यापिका आहेत. त्यांनी खास सभेत स्वतः बाजू मांडली, आणि एवढी चोख बाजू मी शिवाजीनगर कोर्टातही ऐकलेली नाही. कुत्र्याच्या मूत्रात नायट्रोजन भरपूर असतो, त्या म्हणाल्या. जिथे धार पडते तिथे मात्रा जास्त होऊन गवत जळतं, पण कडेला तोच नायट्रोजन पातळ होऊन खताचं काम करतो. म्हणून कुत्र्याचा डाग ओळखायचा तर मध्ये करपलेलं आणि भोवती गर्द हिरव्या, उंच गवताची झालर. "तुमच्या डागाला झालर आहे का?" नव्हती. "दुसरं. एका जागी बसून सगळं रिकामं करतात त्या कुत्र्या. कुत्रा पाय वर करतो, त्याला उभी वस्तू लागते. लॉनवर उभी वस्तू आहे का?"

सभेत शांतता पसरली. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "अध्यक्षांची ॲक्टिव्हा उभी असते ना तिथे, कडेला." अध्यक्षांनी मागच्या चाकाची रिम गंजल्याची तक्रार शोरूमकडे केली होती. विषय लॉनवरून पार्किंगवर गेला आणि दोन आठवडे तिथेच राहिला. ब्रूनो निर्दोष सुटला.

लॉनच्या गुन्ह्यांत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निसर्गाला फूटपट्टी वापरता येत नाही. बुरशी गोलाकार पसरते, किडे वेडंवाकडं खात सुटतात, झाडाच्या सावलीतलं गवत कडेकडेनं विरळ होत जातं. डागाची कड सरळ दिसली, कोपरा काटकोनात आला, की समजावं, माणूस आहे. एप्रिलचा तो डाग मुळात गोल नव्हताच. गोल होता तो फोटो टाकणाऱ्याचा. डाग होता आयताकृती, प्लास्टिकच्या एका मोठ्या कागदाएवढा. चारही कोपऱ्यांवर विटेच्या मापाचे पिवळेधमक ठसे, आणि एका कडेला गवतात अडकलेला, वाळून कडक झालेला कुरडईचा पांढरा तुरा.

बी विंगेतल्या काकूंचं वाळवण. पुण्यातल्या एप्रिलच्या उन्हात प्लास्टिकखाली गवत अक्षरशः उकडून निघतं, त्याला एक दुपार पुरते. पण काकूंकडे कुणी बोट दाखवलं नाही. त्या कुरडया कमिटीतल्या निम्म्या घरांत आधीच पोचल्या होत्या. फाइल बंद झाली.

माणसाच्या हातचे बाकीचे डाग पंचांग बघून ओळखता येतात. गणपतीनंतर दिसणारा मोठा फिकट चौकोन मांडवाचा. दहा दिवस ताडपत्रीखाली राहिलेलं गवत तुरुंगातून सुटलेल्या कैद्यासारखं पांढरंफटक बाहेर येतं. दिवाळीनंतरचे काळे गोल दिसले तर बुरशीनाशक आणायला धावू नये, ती भुईचक्रं असतात. आणि वसुबारसेच्या आसपास कोपऱ्यात वीतभर खोल चौकोनी खड्डा पडला, तर जिन्याखाली जाऊन पाहावं. तिथे राजगड उभा असतो. पूर्वी किल्ल्याला माती अंगणात मिळायची, आता ती फक्त लॉनखाली शिल्लक आहे. या गुन्ह्याचा तपास करण्याची पुण्यात कुणाची छाती नाही. महाराज सिंहासनावर विराजमान झालेले असताना "माती कुठून आणली?" असं विचारणार कोण? वर त्या किल्ल्यावर पेरलेली मोहरी आणि हळीव चार दिवसांत लॉनपेक्षा हिरवी दिसते, हा अपमान निराळाच.

खरं तर लॉनला काय झालंय हे ओळखायच्या साध्या चाचण्या आहेत आणि आम्ही त्या सगळ्या करून पाहिल्या. गवत तहानलेलं आहे का हे कळायला त्यावरून चालत जायचं आणि मागे वळून बघायचं. पाणी पुरेसं असेल तर दबलेली पाती लगेच उभी राहतात, नसेल तर पावलांचे ठसे तसेच राहतात आणि गवतावर निळसर करडी झाक येते. सोपी चाचणी. पण लॉनवर चालू नये अशी पाटी असल्यामुळे ती करण्यासाठी कमिटीचा ठराव घ्यावा लागला, आणि ठराव मंजूर होईपर्यंत पाऊस आला.

दुसरी चाचणी फवाऱ्याची. फवारा सगळीकडे सारखं पाणी टाकतो का, हे पाहायला एकसारखे रिकामे डबे लॉनभर ठेवायचे, फवारा चालवायचा आणि कुठल्या डब्यात किती पाणी साठलं ते मोजायचं. आम्ही श्रीखंडाचे अर्धा किलोचे डबे घरोघरून जमवले आणि संध्याकाळी मांडून ठेवले. सकाळी फवारा सुरू करायला गेलो तर एकही डबा नव्हता. श्रीखंडाचा रिकामा डबा पुण्यात उघड्यावर रात्र काढत नाही. आज ना उद्या त्यांत कुणाची तरी मेतकूट-भाजणी दिसेल, तेव्हा चोर कळतील.

तिसरी चाचणी लांब स्क्रू ड्रायव्हरची. तो मातीत सहज गेला तर जमीन भुसभुशीत, नाही गेला तर ती दबून टणक झाली आहे, मुळांना वाट नाही. आमचा स्क्रू ड्रायव्हर चार इंच सुळकन् गेला आणि मग ठण्ण वाजलं. सगळीकडे चार इंच. खणून पाहिलं तर खाली विटांचे तुकडे, फरशीच्या कपच्या आणि एका जागी जागच्या जागी दगड झालेलं सिमेंटचं अख्खं पोतं. इमारत बांधून उरलेली दुसरी इमारत बिल्डरनं तिथेच पुरली होती आणि वर लाल मातीचा थर देऊन गवताच्या लाद्या अंथरल्या होत्या. पोत्यावरचा डाग उन्हाळ्यात सगळ्यांत आधी पिवळा का पडतो याचा उलगडा झाला. पण बिल्डर हा आरोपी पुण्यात समाधान देत नाही. त्याच्यावर आरोप आधीच इतके असतात की हा कुठे ठेवायचा ते कळत नाही.

या सगळ्यात खरी गंमत गवताच्या कुळाची आहे. नर्सरीवाले नावं सांगतात ती कोरियन, अमेरिकन, मेक्सिकन. पण लॉनसाठी सर्रास लावलं जाणारं जे बर्म्युडा गवत, ते दुसरंतिसरं कुणी नसून आपली हरळी. तीच दूर्वा. बारामती-इंदापूरकडच्या शेतकऱ्याला विचारा हरळी म्हणजे काय ते. बाप नांगरतो, मुलगा नांगरतो, काशा वेचून बांधावर टाकतो, जाळतो, तरी पुढच्या पावसात ती बांधावरून पुन्हा रानात येते. हा चिवट प्राणी आपण चौरस फुटाच्या भावानं विकत आणतो, त्याला पिण्याचं पाणी घालतो, माळी ठेवतो, आणि तो मरतो. शेतात मरत नाही, सोसायटीत जगत नाही. शेतकरी नातेवाईक आले की मी त्यांना लॉनकडे नेत नाही. "पैसे देऊन आणली?" हा प्रश्न ऐकायची ताकद उरलेली नाही.

आणि भाद्रपदात तिला दूर्वापण येतं. माळीमामांनी मशीन फिरवलं की तीन पानांची कोवळी टोकं उडून जातात, म्हणून चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात "लॉन कापू नये" अशी लेखी विनंती येते. चतुर्थीला पहाटे सगळ्या विंगांतून मंडळी उतरतात आणि एकवीस-एकवीसच्या जुड्या खुडून नेतात. गवताची एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची कापू नये, असं लॉनचं शास्त्र सांगतं. गणपतीला हे शास्त्र मान्य नाही.

ज्याला कुणी पाणी घातलं नाही, खत दिलं नाही, ठराव केला नाही, असं एकच गवत पुण्यात जोमानं वाढलं, ते म्हणजे गाजरगवत. 1950 च्या दशकात भारतात त्याची पहिली ठळक नोंद झाली ती पुण्यातच, आणि मग ते देशभर पसरलं. या शहराच्या देशाला दिलेल्या देणग्यांची यादी सांगताना हे नाव सहसा घेतलं जात नाही.

असो. भाद्रपद संपत आला आणि खरा घाला पडला. या वेळचे डाग वेडेवाकडे होते, कड सरळ नव्हती, झालर नव्हती, आणि ते रोज वाढत होते. पाणी वाढवलं. डाग वाढले. टँकरचं पाणी जड आहे, असं एक मत पडलं. माळीमामांनी युरिया मुठीनं फेकला आणि वर पाणी मारलं नाही, असं दुसरं. मशीनचं पातं बोथट असल्यानं गवत कापलं न जाता फाटतं, म्हणून शेंडे पांढरे पडतात, असं तिसरं. हे तिसरं खरंही होतं, पण त्यानं लॉन मळकं दिसतं, मरत नाही. मोबाइलच्या टॉवरचं नाव निघालं. ते नाव आमच्याकडे गुडघेदुखीतही निघतं.

मग पक्षी आले. साळुंक्यांचा थवा सकाळपासून डागांवर चोची मारत बसे. कावळे येत. तुरेवाला हुदहुद लांब चोच मातीत खुपसून चालायचा, आणि जिथे चालायचा तिथे शिवणयंत्रानं घातल्यासारखी भोकांची रांग. "पक्षी लॉन खातात" असा निष्कर्ष निघून जाळीचं कोटेशनही आलं. पाठोपाठ रात्री खड्डे पडायला लागले. तेव्हा मात्र कमिटीनं पार्किंगमधला एक कॅमेरा लॉनकडे वळवला. रात्रीच्या चित्रणात घूस दिसली, मांजराएवढी, निवांत उकरत बसलेली. पहाटे उजाडता उजाडता मुंगूस दिसलं. मुंगसाचं दर्शन शुभ असतं म्हणून तो पुरावा बाद धरला गेला, आणि ते चित्रण ग्रुपवर "सुप्रभात" म्हणून फिरलं.

गवत असलेली जमीन कुणी उखडली हे पहिल्याच दिवशी कळलं, असं महाराष्ट्रातलं मला आठवणारं उदाहरण एकच. ऑक्टोबर 1991, वानखेडे स्टेडियम. शिवसैनिकांनी खेळपट्टी उखडली, पाकिस्तानचा दौरा बारगळला, आणि उखडणाऱ्यांनी ते लपवलंही नाही. बाकी प्रकरणांत तपास करावा लागतो.

आमचा तपास लागला तो भांडणातून. स्थळपाहणीसाठी सगळे लॉनभोवती जमले होते. जाळी विरुद्ध घुशीचं औषध असा वाद पेटला आणि माजी सचिव आवेशानं खाली वाकले, "हे बघा, गवतात काही दोष नाही!" असं म्हणत त्यांनी मूठभर गवत ओढलं. ते आलं. मूठभर नाही, हातभर आलं. खाली मुळंच नव्हती. कार्पेट लॉन म्हणून आणलं होतं ते पहिल्यांदा खऱ्या अर्थानं कार्पेटसारखं उचललं गेलं. उघड्या पडलेल्या मातीत करंगळीएवढ्या जाड, पांढऱ्या, लिबलिबीत अळ्या होत्या. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, डोकं तांबूस, पुढे पायांच्या तीन जोड्या, मागचा भाग आतल्या मातीनं काळपट. फावड्याच्या एका घावाला मूठभर निघाल्या.

आमचे वॉचमनमामा सांगलीकडचे. ते एवढंच म्हणाले, "हुमणी हाय."

ऊस आणि भुईमूग पिकवणाऱ्या कुठल्याही गावात हा शब्द उच्चारला की माणसं गप्प होतात. वळवाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी जमिनीतून तपकिरी भुंगेरे बाहेर येतात, कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात, पाला खातात, आणि माद्या पुन्हा मातीत जाऊन अंडी घालतात. त्यातून निघालेल्या अळ्या पावसाळाभर मुळं खातात. वर्षाला एकच पिढी, पण ती पुरते. गावोगावी त्या दिवसांत तिन्हीसांजेला निंबाच्या फांद्या हलवून भुंगेरे पाडतात आणि रॉकेलच्या पाण्यात बुडवतात. आमच्या गेटपाशीही कडुनिंब आहे. जूनमध्ये पार्किंगच्या ट्यूबलाइटवर भुंगेरे आपटत होते, काकूंच्या केसांत अडकत होते, ग्रुपवर त्यांचे फोटोही आले होते. तेव्हा कमिटीनं तातडीनं पेस्ट कंट्रोल बोलावलं आणि त्यांनी झुरळांचं औषध गटारांत मारलं. साळुंक्या, हुदहुद, घूस आणि मुंगूस हे सगळे लॉन खायला नव्हे, हुमणी खायला येत होते. सोसायटीत उपचार तेवढे चारजणच करत होते आणि आम्ही त्यांच्यावर जाळी टाकणार होतो.

हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. उलट सगळे चेहरे उतरले. एवढा तपास, आणि आरोपी कोण, तर अळी! तिला फ्लॅट नाही, मेंटेनन्स नाही, पाटी वाचता येत नाही. तिला नोटीस कशी बजावायची? लोक घरी निघाले. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे काका थांबले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला ज्यासाठी पुणेकर जन्माला येतो. "पण ती आली कुठून?"

मंडळी परत फिरली. वॉचमनमामांनी मान खाजवली आणि सांगितलं की कच्चं शेणखत टाकलं की मादी तिथे अंडी घालते, बाहेरून आणलेल्या शेणखतात अळ्याही असतात. मे महिन्यात शेणखताची एक ट्रॉली आली होती. ओली होती, वाफा निघत होत्या, सगळ्यांना वास आला होता. पूर्ण कुजलेल्या खताचं कोटेशन महाग होतं म्हणून हे घेतलं होतं. घेतलं कुणी? फाइल मागवण्यात आली. पावती निघाली. पावतीवर सही होती. खजिनदारांची.

त्या संध्याकाळी लॉनभोवती जी चमक माणसांच्या चेहऱ्यांवर आली तशी लॉन हिरवं असतानाही मी पाहिली नव्हती.

तुमच्याही लॉनवर असे डाग पडले असतील तर सभेची नोटीस काढण्याआधी डागाच्या कडेचं गवत ओढून पाहा. घट्ट बसलं असेल तर पाणी, माती, पातं, प्लास्टिक यांच्याकडे बघा. सुटून हातात आलं तर खाली उकरा. मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी पार्किंगची ट्यूब बंद ठेवा आणि लॉनपासून लांब, साबणाच्या पाण्याच्या बादलीवर एक दिवा टांगा. पाऊस लागला की मेटारायझियम नावाची उपयोगी बुरशी कुजलेल्या खतात मिसळून टाका, ती हुमणीला मारते. हे जून-जुलैत करायचं. सप्टेंबर उलटल्यावर अळी मोठी झालेली असते आणि औषधाचा फारसा उपयोग होत नाही. पक्ष्यांना हाकलू नका. आणि खताच्या पावतीवर कुणाची सही आहे हे शक्यतो पाहू नका. आमच्या खजिनदारांनी राजीनामा दिला, तो मंजूर झाला, आणि त्या जागेवर यायला अजून कुणी तयार नाही.